नॅशनल पार्कात नुसतं बसायला

मुंबईत नुसतं बसायला जागा नाही. म्हणजे खिशात हात न घालता, कोणी "चला उठा" न म्हणता, दोन-तीन तास एका जागी निवांत बसायचं म्हटलं तर कुठे बसणार सांगा बरं. हॉटेलात चहा संपला की पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायला येतोच. मॉलमधे बाक असतात पण दिवसभर कानाशी गाणी आणि डोळ्यांवर लाइट. चौपाटीवर दुपारी वाळू तापते आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. सोसायटीच्या बागेत नियमांचा बोर्ड बागेपेक्षा मोठा. आणि घरी बसावं तर घर केवढं, एकीकडे टीव्ही, एकीकडे कुकर, वरच्या मजल्यावर कोणाचं तरी रिनोव्हेशन कायम चालू, आणि बाईमाणूस असेल तर घरात ती बसलीये म्हणजे कोणालातरी काहीतरी हवंच असतं.

म्हणून आम्ही नॅशनल पार्कात जातो. बोरिवलीचं नॅशनल पार्क, कागदोपत्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण आमच्याकडे नुसतं "पार्क" म्हटलं तरी कळतं. आम्ही राहतो दहिसर पूर्वेला, त्यामुळे हायवेने बस पकडली की गेट फार लांब नाही. आई, दादा-वहिनी, भाची आणि मी, जमेल तसं सगळे, नाहीतर आई आणि मी दोघीच. सोमवारी पार्क बंद असतं आणि माझी सुट्टी रविवारची, तेव्हा रविवारच, गर्दी असली तरी. गर्दीचं मला कधी वाईट वाटलं नाही, इतक्या माणसांना बसायला जागा मिळतेय हे बघून उलट बरं वाटतं.

आता हे पार्क केवढं आहे याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. जवळपास 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली-मालाड, पूर्वेला मुलुंड-भांडुप, वर ठाणं आणि घोडबंदर, आणि मधे हे सगळं हिरवं. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही रेल्वेलाइनींच्या मधला हा भाग नकाशावर बघितला तर विश्वास बसत नाही की बिल्डरांच्या डोळ्यासमोर एवढं जंगल उरलं कसं. उरलं त्याचं एक कारण पाणी आहे असं मला वाटतं. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा विहारमधूनच आलं. तलाव भरायचा तर आजूबाजूचं रान राखायला लागतं, तेव्हा तलावांच्या मागे मागे रानही राहिलं. दोन्ही तलाव अजून शहराला पाणी देतात. आणि तुळशी भरून वाहायला लागला की तेच पाणी दहिसर नदीतून आमच्या बाजूला येतं, जिच्या काठावर आम्ही चटई टाकतो.

अर्थात सगळ्या 104 चौरस किलोमीटरात कोणाला फिरू देत नाहीत, आणि देऊही नये. पब्लिकसाठी आहे तो गेटच्या आतला छोटा भाग आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंतचा रस्ता, बाकी जंगल जंगलाचं. ट्रेलवर जायचं तर परवानगी आणि सोबत माणूस लागतो. पण बसायला कितीशी जागा लागते?

गेटमधून आत शिरलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं रस्त्यासारखीच असतात, सायकल भाड्याने घेणारी पोरं, बसच्या रांगा, फुगे, वेफर्स, "अहो पाण्याची बाटली घेतली का". सकाळच्या वॉकवाल्यांची घरी परतायची वेळ झालेली असते, ती मंडळी अंधारातच येतात, त्यातले कित्येकजण वर्षानुवर्षं पास काढून येणारे, एकमेकांना नावाने नाही तर "नमस्कार सर" नाहीतर "जय श्रीकृष्ण" म्हणून ओळखणारे. एक काका रोज एकाच झाडाच्या खोडाला हात लावून मागे फिरतात, तिथून पुढे जात नाहीत. त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "बायपास झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच चाला. मी इथवर मोजून ठेवलंय."

मग उन्हं वर येतात तशी माणसं बदलतात. पुस्तकं घेऊन स्पर्धा परीक्षेवाली मुलं येतात, घरात अभ्यासाला कोपरा नाही म्हणून. मोठमोठे डबे आणि सतरंज्या घेऊन अख्खी कुटुंबं येतात, त्यात आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे. जोडपी येतात. त्यांच्याकडे बघून नाक मुरडणारे बरेच असतात पण मला त्यांच्याबद्दल नेहमी माया वाटते. लग्न ठरलेलं असो नाहीतर नसो, झालेलं असलं तरी सासू-सासरे-दीर एका खोलीत असतील तर नवरा-बायकोने दोन शब्द बोलायचे कुठे? माझ्या एका मैत्रिणीचं लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं त्यांचं सगळं महत्त्वाचं बोलणं, कर्ज काढायचं का, मूल कधी, गावी पैसे किती पाठवायचे, हे सगळं याच पार्कात झालेलं आहे. घरी भिंतीला कान नव्हते, भिंतच नव्हती.

पण मला सांगायचंय ते आईबद्दल.

आई घरी बसत नाही. बसली तरी हातात काहीतरी असतं, भाजी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, काहीच नसलं तर भाचीच्या केसांत तेल. तिच्या पिढीच्या बायकांना रिकाम्या हाताने बसणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा पार्कात आणलं तेव्हा तिने पिशवीतून वाल काढले सोलायला! मी काही बोलले नाही. वाल सोलून झाले, सालं पिशवीत भरून झाली, चटईवरचा पाचोळा दोनदा झाडून झाला, "घरी कुकर लावून आले असते तर" म्हणून झालं, आणि मग कधीतरी ती गप्प झाली. मी बघितलं तर दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं सैल सुटलेली, नजर समोरच्या ऐनाच्या झाडावर. आईचे हात असे मोकळे पडलेले मी आधी कधी पाहिले असतील तर झोपेतच.

ऐनाचं झाड जवळून बघायला हवं एकदा. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी चौकोनी तडे गेलेली, त्या तड्यांमधून मुंग्यांची रांग चढत असते, आणि मुंगी एका चौकोनावरून दुसऱ्यावर जाताना खाचेत दिसेनाशी होते, मग परत वर येते. आई तेच बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ह्या सगळ्या वरच चाल्ल्यात गं, खाली येताना एक दिसत नाही." मी म्हटलं मागच्या बाजूने येत असतील. तर ती उठली आणि झाडाला वळसा घालून बघून आली. "हो, मागून येतात," म्हणाली आणि परत बसली. साठी उलटलेली बाई. तिला त्या दिवशी मुंग्या कुठून उतरतात हे बघायला वेळ होता आणि तिने तो घेतला याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

त्यानंतर वाल आणले नाहीत तिने. आता चटई आणि डबा, बास.

नुसतं बसणं सुरुवातीला जमत नाही कोणालाच, हे मी बघितलंय. पहिला अर्धा-पाऊण तास हात फोनकडे जात राहतो, रेंज येते-जाते त्यामुळे अजूनच, मनात ऑफिसच्या मेल, दुधाचं बिल, कोणाला काय बोललो आणि काय बोलायला हवं होतं. मग तांबट पक्षी ऐकू यायला लागतो. तो आधीपासूनच ओरडत असतो, टुक टुक टुक एका सुरात, आपल्याला ऐकू यायला तेवढा वेळ लागतो. मग वाळक्या पानांवर काहीतरी सरसरतं, बहुतेकदा सरडाच. बांबूच्या बेटात वारा शिरला की कांड्यावर कांडं घासून करकरतं. एखादं हरीण रस्ता ओलांडून जातं आणि सगळी पोरं एकदम "ए हरीण हरीण" करून उठतात. फेब्रुवारी-मार्चमधे कुसुमाला तांबडीलाल पालवी फुटते, लांबून फुलंच वाटतात, आणि त्याच सुमाराला पळस आणि काटेसावर फुललेले असतात, तेव्हा तर मान वर करून बसलं तरी दिवस पुरत नाही.

बिबट्याचं सगळे विचारतात. आहेत, 2018 च्या कॅमेरा ट्रॅपच्या गणतीत या जंगलात आणि लगतच्या भागात मिळून 47 दिसले होते. मला अजून एकही दिसलेला नाही आणि दिसावा म्हणून मी जातही नाही. तो त्याच्या वेळेला फिरतो, आपण आपल्या वेळेला यावं, संध्याकाळी शिट्ट्या वाजायला लागल्या की मुकाट्याने निघावं. जंगलातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघ-बिबट्याला वाघोबा म्हणून देव मानतात, पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेजारी राहत आलेत. कान्हेरीच्या रस्त्याला पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, कैरी, एरवी काकडी, पेरू, चिरून तिखट-मीठ लावून देतात. त्यांच्यातल्या एका मावशीशी आईची ओळख झालीये. दोघी गुडघेदुखीवर बोलतात. त्या मावशी आईला म्हणाल्या, "तुम्ही लोक इथे बसायला गाडी करून येता, आमचं बरं, आम्ही बसलेलोच आहोत." पण त्यांच्या पाड्यावर पाणी-लाइटचे प्रश्न अजून आहेत आणि जंगलात राहायचं की बाहेर जायचं ही टांगती तलवार कायम आहे, हेही त्याच सांगतात. आपल्या सुट्टीच्या जागेत कोणाचं तरी रोजचं जगणं चालू आहे हे मनात ठेवूनच तिथे बसलेलं बरं.

कान्हेरीला जायचं तर गेटपासून सहा-सात किलोमीटर आत. बसने जाता येतं. तिथे वेगळं तिकीट आणि मग पायऱ्या. आईला सगळ्या पायऱ्या झेपत नाहीत, ती खालीच तिसऱ्या नंबरच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, आसपास थांबते, तिथे व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, त्यांच्या पायाशी उभं राहिलं की आपण त्यांच्या गुडघ्यापर्यंत पण पोचत नाही. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात, वर एक चक्कर मारतात आणि उतरतात. माझं म्हणणं आहे की कान्हेरी ही बघायची जागा आहेच पण त्याहून जास्त बसायची जागा आहे, आणि ज्यांनी कोरली त्यांनीच ती तशी कोरलीये.

खरंच बघा तुम्ही. शंभराच्या वर लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेलं काम, पुढे हजारेक वर्षं चाललेलं. यातली बरीचशी म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या खोल्या. आणि खोलीच्या बाहेर, पायऱ्यांच्या शेजारी, अंगणाच्या कडेला कातळातच बाक कोरलेले आहेत. काहींना पाठ टेकायलाही सोय आहे. बाजूलाच पाण्याची पोढी, म्हणजे कातळात कोरलेलं टाकं, चौकोनी तोंडाचं, आणि वरच्या कातळावर बारीक चर खोदलेत, पावसाचं पाणी त्यातून वाहत येऊन बरोब्बर पोढीत पडेल असे. पावसाळ्यात गेलात तर ते चर अजून काम करताना दिसतात. बसायला बाक, हाताशी पाणी, समोर दरी. भर दुपारी बाहेरचा कातळ तव्यासारखा तापलेला असतो पण सावलीतल्या बाकावर हात ठेवला तर गार. मी वरच्या अंगाला एका छोट्या लेण्याच्या बाहेर बसते, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, टाळूला वारा, लांब पश्चिमेला बोरिवलीचे टॉवर आणि त्यापलीकडे खाडीचा करडा पट्टा.

आणि ही लेणी कोणी दिली? एकट्या राजांनी नाही. भिंतींवर ब्राह्मीत कोरलेले दानलेख आहेत, त्यात व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, बायकाही आहेत, उपासिका आणि भिक्षुणी दोन्ही. त्यांची गावं लिहिलेली आहेत, कल्याण, सोपारा, चेमुल म्हणजे आपलं चौल. कल्याण आणि सोपारा! म्हणजे आज रविवारी ज्या स्टेशनांवरून लोक डबे बांधून पार्कात येतात, नालासोपाऱ्याहून विरार लोकलने, कल्याणहून दादरला गाडी बदलून, त्याच गावच्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून इथे कोणाला तरी निवांत बसता यावं म्हणून खोल्या, बाक, पाण्याच्या पोढ्या कोरून घेतल्या. हे कळल्यापासून मला त्या दगडी बाकावर बसताना फार हक्काचं वाटतं.

नव्वद नंबरच्या लेण्यात तर अजून एक गंमत आहे. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहेत, इसवी सन 1009 आणि 1021 मधले. झरतुष्ट्राच्या, म्हणजे पारशांच्या धर्माचे लोक इथे आले होते, त्यांनी तारीख टाकून आपली नावं कोरून ठेवली. अमुकचा मुलगा तमुक, आम्ही सगळे इथे आलो, एवढाच मजकूर. तोवर लेणी जुनी झालेली होती, ते काही इथे राहणारे नव्हते, धर्मही वेगळा. ते जंगलातून चढून आले, बघितलं, बसले असतील, पाणी प्यायले असतील, आणि गेले. कशासाठी आले होते ते काही लिहिलेलं नाही पण मला आपली ती सहलीला आलेली मंडळीच वाटतात, दोन-चार मित्र, कोणाचा तरी भाऊ, वाटेत काय खाल्लं असेल त्यांनी? आता मात्र कोणी असं नाव कोरू नये हं, बदाम काढून तर नकोच नको, दगडाला झालेली जखम भरून येत नाही.

तक्रारी आहेत, का नसतील. ब्लूटूथ स्पीकर ही सगळ्यात मोठी. जंगलात येऊन तीच गाणी लावायची तर मग घरी काय वाईट होतं? एका माणसाला ऐकायचं असतं म्हणून पन्नास माणसांचा तांबट बंद होतो. माकडांना वेफर्स घालणं दुसरी. पुण्य समजून घालतात लोक, आणि मग ती माकडं बायकांच्या पर्सा ओढतात, बाटल्या हिसकावतात, आणि दोष माकडांचा. आई आता सरळ जाऊन सांगते, "अहो नका घालू, त्यांना जंगलात मिळतं सगळं." तिचं वय बघून ऐकतात बरेचजण.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. अधूनमधून बातम्या येतात पार्कात अजून काय काय करायचं ठरतंय त्याच्या, आकर्षणं, सोयी, राइड्स. सोयी जरूर करा, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्या माणसांना टेकायला कट्टे, हे हवंच आहे. पण तिकीट एवढं वाढवू नका की पाच-सहा माणसांचं कुटुंब हिशोब करून गेटवरून मागे फिरेल. आणि प्रत्येक झाडाखाली काहीतरी बघण्यासारखं, खेळण्यासारखं, विकत घेण्यासारखं उभं करू नका. ज्या बाईला आयुष्यभर कोणी "बस जरा" म्हटलं नाही तिला बसायला एक रिकामा तुकडा राहू दे. तेवढ्यासाठी तरी हे पार्क जसं आहे तसं हवं. मी हे पत्रात लिहून पाठवलंय आणि परत पाठवीन.

2024 च्या पावसाळ्यात इथे कारवी फुलली. आठ वर्षांनी एकदा फुलते ती, त्याआधी 2016 ला. एरवी उताराउतारावर नुसती हिरवी झुडपं, तिच्या काठ्यांचे कूड करतात पाड्यांवर, आणि त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळी-निळी फुलं, मधमाश्यांचा नुसता घोंगाट. फुलून झाली की बी धरून झुडूप मरतं. भाचीला दाखवायला नेलं होतं. 2016 ला ती जन्मलेली नव्हती. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, परत फुलेल तेव्हा 2032, म्हणजे मी दहावीत असेन, मला क्लास असेल, मला येता नाही येणार.

आई म्हणाली, "क्लासला दांडी मार. मी चिठ्ठी देईन."